बाविसावा दिवस

एकवीस हा आकडा आपल्याकडे गणपतीच्या मोदकांचा आणि दूर्वांच्या जुडीचा. पण माझी उणीपुरी तीस वर्षे पशुसंवर्धन खात्याच्या चाकरीत आणि तीही बहुतेक कोंबड्यांच्या सहवासात गेली. त्यामुळे एकवीस म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मोदकाऐवजी अंडे उभे राहते! कोंबडीच्या पोटाखाली ठेवा की विजेच्या पेटीत ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर यायचे, असा निसर्गाचा वायदा आहे. सरकारी वायद्यांच्या मानाने तो फारच चोख पाळला जातो. आणि जेव्हा तो मोडतो, तेव्हा बाविसाव्या दिवशी लोक माझ्या दारावरची घंटा वाजवतात.

अलीकडे ही घंटा जरा जास्तच वाजू लागली आहे. बंगल्याच्या मागच्या अंगणात चार गावठी कोंबड्या पाळण्याची हौस आता शहरातल्या पांढरपेशा कुटुंबांतही शिरली आहे. अंडी उबवण्याची छोटी पेटी घरबसल्या मागवता येते. पेटीवर तापमानाचे आकडे लाल अक्षरांत चमकत असतात आणि ते पाहून यजमानांना वाटते, की आता आपले काम फक्त दिवस मोजण्याचे. एकविसाव्या दिवशी चोवीस अंड्यांतून दोन-तीन पिल्ले बाहेर पडतात आणि घरावर अवकळा पसरते.

बाविसाव्या दिवशी येणाऱ्या या मंडळींच्या हाती दोन वस्तू हमखास असतात. एक, न फुटलेल्या अंड्यांची टोपली. आणि दुसरी, कोणाच्या तरी नावाने तयार झालेली फिर्याद. कोणी म्हणतो, ज्याने अंडी विकली त्याने फसवले. कोणी ग्रहणाला दोष देतो, कोणी आल्यागेल्याच्या नजरेला. वीज कडाडली की अंडी नासतात, ही समजूत तर फार जुनी. त्यासाठी टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. माझे त्यावर एकच उत्तर असते: अहो, वीज कडाडली म्हणून नव्हे, वीज गेली म्हणून! वादळी रात्री तारा तुटतात, पेटी थंड पडते आणि दोष आकाशाच्या माथी बसतो.

फिर्याद ऐकून झाली की मी विचारतो, "अंडी फोडून पाहिलीत का?"

यावर बहुतेक जण नाक मुरडतात. न उबलेले अंडे म्हणजे घाण, ते लांब नेऊन पुरून टाकायचे, एवढेच त्यांना ठाऊक असते. पण वाचकहो, न उबलेले अंडे मुके नसते. आतला जीव कोणत्या दिवसापर्यंत वाढला आणि कुठे थांबला, हे ते उघड सांगते. दिवस कळला की कारण निम्मे कळलेच म्हणून समजा.

ही युक्ती काही माझी नव्हे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अंड्यातल्या पिल्लाची वाढ बारकाईने लिहून ठेवली आहे. तीन दिवस झाले की पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय हलताना दिसते, हे त्याने नोंदले होते. पुढे १९५१ साली हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघा शास्त्रज्ञांनी या एकवीस दिवसांच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवून दिले. आजही अभ्यासक त्याच टप्प्यांच्या भाषेत बोलतात. म्हणजे ही पोथी केव्हाच लिहून ठेवलेली आहे. आपण ती फक्त उघडायची.

ती उघडल्याने काय होते, याचा एक मासला सांगतो.

पुण्याच्या एका उपनगरातले हे घर. सासू, मुलगा आणि सून असे तिघांचे बिऱ्हाड. सासूबाईंना सगळा शेजार माई म्हणतो. माईंनी कोकणातल्या आपल्या माहेरून चार कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा आणला होता. पुढे भावाने तिकडचे घर विकले. माहेरचे म्हणावे असे माईंपाशी उरले ते हे एवढेच. मे महिन्यात लेकीची मुले सुट्टीला येणार, त्यांना पिल्ले दाखवायची, म्हणून अंडी साठवायला सुरुवात झाली. आणि चौथ्याच दिवशी भटक्या कुत्र्याने कोंबडा नेला.

माई हबकल्या. पण कोंबडा गेला तरी त्याचे बीज कोंबडीच्या पोटात साधारण दहा-बारा दिवस टिकते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. आणि ते खरेही आहे. म्हणून माईंनी पुढचेही प्रत्येक अंडे जपले. सोळा दिवसांची चोवीस अंडी जमली. मुलाने पेटी मागवली. ती सांभाळण्याचे काम अर्थातच सूनबाईंकडे आले. दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची, पाण्याची वाटी भरायची, आकडे पाहायचे. एकविसाव्या दिवशी तीन पिल्ले निघाली. उरली एकवीस अंडी तशीच राहिली.

मी गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. माई म्हणाल्या, "काय सांगू भाऊ, हिनं सारखा सारखा हात लावून अंडी नासवली. कोंबडीखाली ठेवली असती तर एव्हाना अंगणभर पिल्लं असती."

शेजारणींपैकी एक सहज बोलून गेली, "वांझच निघाली म्हणायची सगळी."

बोलली ती अंड्यांविषयीच. पण लग्नाला सहा वर्षे झालेली ती मुलगी चहाचे कप गोळा करून काही न बोलता आत निघून गेली आणि खोलीत कोणाला पुढे काय बोलावे ते सुचेना.

मी बादली, जुनी वर्तमानपत्रे आणि एक बॅटरी मागवली, आणि सूनबाईंना टिपणे घ्यायला बाहेर बोलावले. तेव्हा कळले, की प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घातलेली आहे आणि पेटीच्या तापमानाची रोजची नोंद वहीत आहे. अशा नोंदी मी सरकारी दप्तरातसुद्धा क्वचितच पाहिल्या!

मागच्या अंगणात आम्ही एकेक अंडे फोडले. पहिली चार अगदी स्वच्छ निघाली, आत वाढीची खूण नाही. त्यांच्यावरच्या तारखा पाहिल्या, तर ती सर्वांत शेवटी घातलेली, कोंबडा जाऊन दहा-बारा दिवस उलटल्यानंतरची. त्यात बीजच नव्हते. यात दोष द्यायचाच तर त्या कुत्र्याला द्यावा लागेल.

पुढच्या नऊ अंड्यांत रक्ताची एक बारीक कडी किंवा नखाएवढा जीव होता. म्हणजे ही तिसऱ्या-चौथ्या दिवशीच थांबलेली. यांच्यावरच्या तारखा सर्वांत जुन्या. पेटीत जाण्यापूर्वी ही अंडी दहा ते सोळा दिवस स्वयंपाकघरातल्या फळीवर, गॅसच्या शेगडीशेजारी, पुण्याच्या मे महिन्यात पडून होती. अंडे आठवडाभर नीट टिकते. पुढे रोज त्याची उमेद घटत जाते. त्यातून उकाडा असेल तर आतला जीव कोंबडी बसायच्या आधीच अर्धवट जागा होतो. धड वाढ नाही, धड विश्रांती नाही, अशा अवस्थेत तो थकतो आणि खरी ऊब मिळाली तरी दोनचार दिवसांत मान टाकतो.

एक अंडे मधल्याच आठवड्यात थांबलेले होते. एखादे असायचेच.

उरलेल्या सात अंड्यांनी मात्र मलाही हळहळायला लावले. सातांतही पूर्ण वाढलेली पिल्ले होती. डोके रुंद टोकाकडे, मान उजव्या पंखाखाली, चोच हवेच्या पोकळीत शिरलेली. सगळे काही यथास्थित. पण आतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिसांना चिकटला होता. बाहेर यायची तयारी करून बसलेला जीव आपल्याच पांघरुणात अडकला होता.

मी विचारले, "शेवटच्या दोन दिवसांत पेटी किती वेळा उघडली?"

सूनबाई खाली बघत राहिल्या. उत्तर नातवाने दिले, "खूप वेळा! मी आणि ताई दर तासाला बघत होतो. आजी पण दाखवत होती सगळ्यांना."

झाकण उघडले की आतली दमट हवा क्षणात बाहेर जाते. पुण्याच्या उन्हाळ्यातली हवा आधीच कोरडी. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लाला हवा असतो तो हा ओलावाच, आणि नेमका तो दर तासाला पाहुण्यांच्या कौतुकावर खर्च होत होता.

मग मी माईंना शांतपणे सांगितले, की अंडी फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटून बसतो. या एकवीस अंड्यांत तसे एकही अंडे नाही. कोंबडी स्वतःसुद्धा चोचीने वरचेवर अंडी फिरवतच असते. सूनबाईंनी केले ते कोंबडीचेच काम.

माई बराच वेळ त्या वहीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही तीन जगली ती हिच्या हातानं, असंच ना?"

मी म्हटले, "असंच."

त्यावर सासू-सुनांत पुढे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेणे हे माझे कामही नव्हे. एवढे मात्र सांगतो, की दसऱ्याच्या सुमारास त्या तीन पिल्लांपैकी एक आरवला. माईंच्या माहेरचा वंश तूर्त तरी शाबूत आहे.

आता हौशी वाचकांसाठी या पोथीचे सार सांगतो.

स्वच्छ अंडे. सातव्या दिवशी रात्री खोलीत अंधार करून अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा दिसल्या तर काम सुरू आहे. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडे बिनबीजाचे, किंवा आतला जीव अगदी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गेलेला. दुकानातली अंडी उबवायला ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की खाण्याच्या अंड्यांच्या कुक्कुटशाळेत कोंबडा ठेवतच नाहीत. घरच्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असावा. तो म्हातारा झाला असेल, उन्हाने बेजार असेल, तर कोंबड्या बिचाऱ्या काय करतील? अशा अंड्याला वांझ म्हणण्याची आपल्याकडे घाई फार. त्यातून हा शब्द नेहमी मादीच्याच पदरात पडतो, मग कारण कोंबड्यात असो, फळीवर असो, नाहीतर पेटीत असो.

रक्ताची कडी. पहिल्या आठवड्यातल्या मरणाची दोन मोठी कारणे म्हणजे साठवण आणि पेटीची सुरुवातीची धग. अंडी १५ ते १८ अंश सेल्सियसच्या गारव्यात, निमुळते टोक खाली करून, फार तर आठवडाभर ठेवावी. फ्रिजच्या मुख्य कप्प्यात चार-पाच अंशांची थंडी असते, ती सोसत नाही. उन्हाळ्यात माठाशेजारची सावलीची जागा त्यापेक्षा बरी, आणि तीही दोनतीन दिवसांपुरतीच. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश तापमान हवे. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी मोजून ३८.३ ते ३८.८ अंश. पेटीवरच्या लाल आकड्यांवर आंधळा विश्वास नको. कपभर कोमट पाण्यात पेटीचा तापमापक आणि घरचा तापाचा थर्मामीटर एकत्र बुडवून आकडे ताडून पाहा. एका अंशाचा फरक आपल्याला ताप वाटणार नाही, पण अंड्याला तो जिवावरचा ठरतो. त्यातही थंडीपेक्षा उष्णता घातक. तासा-दोन तासांसाठी वीज गेली तर पेटीवर घोंगडी टाकून स्वस्थ बसा. कोंबडीही दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठतेच की!

मधल्या आठवड्यातले मरण. असे एखादे अंडे निघाले तर चिंता नको. पण पाच-सात निघाली तर कोंबड्यांच्या खाण्याकडे पाहा. नुसत्या ज्वारी-तांदळाच्या कण्यांवर राहिलेली कोंबडी अंडी घालते, पण त्या अंड्यात पिल्लाची तीन आठवड्यांची शिदोरी पुरी भरत नाही. ब-२ जीवनसत्त्व कमी पडले की पिल्ले आतच खुरटतात. हिरवा पाला आणि पैदाशीच्या कोंबड्यांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. आतून काळे पडलेले, दुर्गंधी सुटलेले अंडे मात्र जंतूंचे काम. अंडी धुऊ नयेत. कवचावर निसर्गाने दिलेला पातळ लेप असतो, तो धुतला की जंतूंना दार मोकळे होते. घाण लागलेले अंडे उबवायला घेऊच नये.

तयार पिल्लू, न फुटलेले अंडे. अठरा दिवसांपर्यंत अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावी. विषम आकडा अशासाठी, की रात्रभर जी बाजू वर राहते ती रोज बदलावी. अठराव्या दिवशी फिरवणे बंद आणि झाकणही बंद! तोवर हवेतील ओलावा ५० ते ५५ टक्के पुरतो. पुढे ६५ ते ७० टक्के हवा. ओलावा मोजणाऱ्या यंत्राची परीक्षाही घरी होते. ओलसर मिठाच्या वाटीशेजारी ते झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवले, तर सकाळी त्याने ७५ च्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. पिल्लू वाळून चिकटलेले निघाले तर ओलावा कमी पडला. फुगलेले, पाण्याने थबथबलेले निघाले तर जास्त झाला. ज्यांच्याकडे बारीक वजनकाटा आहे त्यांनी अंडी तोलावी. अठरा दिवसांत ५० ग्रॅमच्या अंड्याचे वजन साधारण सहा ग्रॅमने उतरले, म्हणजे बेत जमला. पेटीची हवेची भोके उबेच्या लोभाने बुजवू नयेत. शेवटी शेवटी पिल्लाला श्वासासाठी हवा लागते.

आणखी दोन गोष्टी. पिल्लाने कवचाला पहिले भोक पाडल्यावर बाहेर यायला त्याला बारा ते चोवीस तास लागू शकतात. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते, पापुद्र्यातल्या शिरांतले रक्त अंगात आटवत असते. मदतीच्या आवेशात कवच सोलाल तर रक्तस्राव होऊन ते दगावेल. आणि उरलेली अंडी फोडण्याची घाई बाविसाव्या दिवशी करू नका. पेटी थोडी गार असेल तर पिल्ले तेविसाव्या दिवशीही येतात. अंडे कानाशी धरा, बॅटरी लावून हालचाल पाहा. सगळे शांत असेल तरच उघड्यावर, नाकाला फडके बांधून, सावकाश फोडा. नासलेले अंडे फटाक्यासारखे उडते. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा आणि मुलांनाही धुवायला लावा.

दिवाळी आटोपली की आपल्याकडे थंडीचे दिवस सुरू होतात. अंडी साठवायला गारवा आपोआप मिळतो, कोंबडाही उत्साहात असतो, वळवाच्या पावसाने वीज जाण्याची धास्ती नसते. उबवणीला याहून चांगला हंगाम नाही. फराळाचे डबे रिकामे झाले की एक छोटी वही, एक शिसपेन्सिल आणि एक बॅटरी पेटीशेजारी ठेवून कामाला लागा. प्रत्येक अंड्यावर तारीख घाला. एकविसाव्या दिवशी घरभर चिवचिवाट झाला तर उत्तमच. आणि झाला नाहीच, तर कोणाच्या हाताला, पायगुणाला किंवा नजरेला बोल लावण्यापूर्वी तेवढी अंडी फोडून पाहा. खरे उत्तर त्यांच्यापाशीच असते.